आकाशातली जाळरेषा

२०२४ च्या डिसेंबरअखेर पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यात एका वाघिणीला बेशुद्ध करून पकडलं. झीनत तिचं नाव. माहेर चंद्रपूरचं, ताडोबाचं. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये वाघांचं नातं आपसांतच फिरत राहिल्यामुळे तिथे बाहेरचं रक्त हवं होतं. म्हणून ऑक्टोबरात जमुना आणि नोव्हेंबरात झीनत, अशा ताडोबाकडच्या दोन वाघिणी तिकडे धाडल्या. जमुना राहिली. झीनतला मात्र सासर मानवलं नाही. ती झारखंडात शिरली, तिथून बंगालात उतरली, आणि तीन राज्यांचे वनकर्मचारी तिच्यामागे धावत होते. ती दिसत नव्हती. दिसत होते नकाशावर उमटणारे ठिपके, तिच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरने पाठवलेले.

वर्तमानपत्रांनी वाघिणीच्या पायांचं कौतुक केलं, ते योग्यच. कॉलरमधल्या बॅटरीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. हे प्रकरण त्या बॅटरीचं आहे, आणि ती जंगलापर्यंत पोचते त्या वाटेचं.

मोठ्या जनावरांच्या कॉलरमध्ये पुष्कळदा लिथियमचे डी आकाराचे सेल असतात. जुन्या तीन सेलांच्या टॉर्चमध्ये जाडजूड सेल घालायचो, तोच हा आकार. पण आतला मसाला वेगळा. एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला थायोनिल क्लोराइड नावाचं द्रव. हा सेल पुन्हा चार्ज होत नाही. एकदा भरला की भरला, आणि संपला की संपला. पण त्या एका आयुष्यात तो काम दाबून करतो. साधारण ९० ग्रॅम वजनात १७ अँपिअर-तास वीज, तीही ३.६ व्होल्टने. म्हणजे साठ वॉट-तासांच्या आसपास. त्याच आकाराचा साधा अल्कलाइन सेल वजनाने दीडपट असूनही याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जेमतेम पोचतो. शिवाय लिथियमचा सेल डिसेंबरच्या पहाटे गारठत नाही, मे महिन्यात मलूल होत नाही, आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तरी झिरपत नाही.

वाघाच्या गळ्यात किती वजन बांधावं याला मर्यादा असते. शरीराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत, असा साधारण संकेत आहे. आणि बॅटरी बदलायची म्हणजे वाघाला पुन्हा बेशुद्ध करायचं. तेव्हा कमी वजनात जास्त दिवस टिकेल तेच घ्यावं लागतं. टिपेश्वरचा तो ‘वॉकर’ वाघ आठवतो? २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला कॉलर घातली, आणि तो यवतमाळ, तेलंगण, मराठवाडा करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन बसला. एकूण तीनेक हजार किलोमीटर. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढेपर्यंत पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली होती. एका बॅटरीवर. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जय वाघाची गोष्ट उलटी. एप्रिल २०१६ मध्ये त्याची कॉलर मुकी झाली आणि त्यानंतर जय कुणाला दिसला नाही.

तर अशी गुणाची बॅटरी. ती विमानात ठेवायची म्हटलं, की तिच्याकडे लोक चोराकडे बघावं तसं बघतात. कॉलर बहुतेक परदेशातून येतात, विमानाने येतात. ज्या वस्तूवर वाघिणीचा जीव आपण निर्धास्त सोपवतो, तिच्यासाठी खोकं, लेबल, जाहीरनामा, पायलटला लेखी सूचना, एवढा जामानिमा का? नियमांची यादी वाचून हे कळत नाही. आधी आग कळावी लागते. आणि आगीची गोष्ट चंद्रपूरकराला परक्याने सांगावी लागत नाही.

घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूर या कोळसापट्ट्यातल्या माणसाला ठाऊक असतं, की दगडी कोळशाचा ढीग काडी न लावता पेटतो. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो, त्यातून थोडी उष्णता निघते. ढीग लहान असेल तर ती वाऱ्यावर निघून जाते. ढीग मोठा, दाट, आत वाऱ्याला वाट नाही, असं झालं की निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा तयार होणारी जास्त होते. ढीग आतून तापतो. तापला की प्राणवायू अधिक वेगाने शोषतो, म्हणून आणखी तापतो. मग एक दिवस ढिगाच्या कुशीतून धूर निघतो. बाहेरून कुणी काहीही केलेलं नसतं.

लिथियम-आयन सेलमध्ये, म्हणजे मोबाइलमधल्या, लॅपटॉपमधल्या, ड्रोनमधल्या सेलमध्ये, हीच गोष्ट घडते. फरक इतकाच, की कोळशाला आठवडे लागतात आणि सेलला मिनिटं, कधी सेकंद. आत दोन पत्रे असतात, मधे प्लॅस्टिकचा पातळ पडदा, आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं. ठोकर लागली, कारखान्यात धातूचा बारीक कण आत राहिला, किंवा सेल जास्त चार्ज झाला, तर आतल्या आत शॉर्ट होतो. शंभर अंशांच्या आसपास पत्र्यावरचं संरक्षक कवच विरघळू लागतं. त्याची उष्णता पुढच्या पायरीला पोचवते, दीडशेच्या आसपास पडदा वितळतो. दोनशेच्या पुढे दुसऱ्या पत्र्यातून प्राणवायू सुटतो. इथे कोळशाची उपमा संपते, कारण कोळशाला निदान बाहेरची हवा लागते. हा सेल स्वतःच्या पोटातला प्राणवायू घेऊन जळतो. वर रेती टाका, गोणपाट टाका, तो आपला जळतच राहतो.

आणि शेजारचा सेल चिकटून असेल तर तोही तापतो. मग त्याच्या शेजारचा.

विमानात आग लागली तर काय करतात, हे आता पाहू. प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानघरात हॅलॉन वायूची सोय असते. तो ज्वाळा दडपतो. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने प्रयोग केले तेव्हा दिसलं, की हॅलॉनने ज्वाळा विझल्या तरी सेलमागून सेल तापत जाणं थांबत नाही. लिथियम धातूच्या सेलांपुढे तर हॅलॉन जवळपास निरुपयोगी. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर तेवढंही नसतं. तिथली रीत अशी, की हवेचा पुरवठा तोडायचा, आतला दाब उतरवायचा, विमान उंच ठेवायचं आणि विरळ हवेत आगीला उपाशी मारायचं. कागद, कापड, लाकूड यांच्यासाठी युक्ती चांगली आहे. जी आग शिदोरी बांधून आली आहे, तिला उपाशी कसं मारणार?

३ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनकडे निघालं. ते हाँगकाँगहून आलं होतं. पोटात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या. विमानात माणसं दोन. उड्डाणानंतर बावीस मिनिटांनी आगीचा इशारा वाजला. जवळचा विमानतळ दोहा होता, पण आग किती वाढली आहे हे कळायला मार्ग नव्हता. कप्तानाने ओळखीच्या दुबईकडे वळायचं ठरवलं. काही मिनिटांत कॉकपिट धुराने इतकं भरलं, की समोरची उपकरणं दिसेनात. नियंत्रणाच्या तारांवर आगीचा परिणाम झाला. कप्तानाच्या मुखवट्यातला प्राणवायू बंद पडला. तो दुसरा मुखवटा शोधायला उठला आणि परत आलाच नाही. सहवैमानिकाने आंधळेपणाने, इतर विमानांनी रेडिओवरून पुढे पोचवलेल्या सूचनांवर विमान दुबईपर्यंत आणलं. ते धावपट्टीवरून जास्त उंचीने पुढे गेलं आणि जवळच्या लष्करी तळाच्या आवारात कोसळलं. उड्डाणापासून अपघातापर्यंत जेमतेम पन्नास मिनिटं.

संयुक्त अरब अमिरातीच्या विमान प्राधिकरणाने २०१३ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. त्यातली एक नोंद मला आगीहून जास्त अस्वस्थ करते. किमान तीन खेपांमधला माल नियमाने ‘धोकादायक’ म्हणून जाहीर करायला हवा होता, तसा तो केलेला नव्हता. पायलटना आपण काय वाहतोय हे पुरतं माहीतच नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ ला, कोरियाच्या एशियाना कंपनीचं मालवाहू विमान जेजू बेटाजवळ समुद्रात पडलं. त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या, सोबत रंग आणि इतर ज्वालाग्राही द्रवं होती. आग नेमकी कशाने लागली ते ठरवता आलं नाही. दोघे गेले. आगीची पहिली वर्दी आल्यापासून सगळा खेळ अठरा मिनिटांत संपला. याच्याही आधी, १९९९ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर जपानहून आलेल्या लिथियमच्या सेलांचे गठ्ठे जमिनीवरच पेटले होते. आदळआपट झाली होती, एवढंच निमित्त. हेच पोटात घेऊन एखादं विमान हवेत असतं तर, या विचाराने नियमांची पहिली हालचाल सुरू झाली.

आता परत जंगलात येऊ.

गडचिरोलीच्या जंगलात वणवा लागला तर विझवायला बंब जात नाही. भामरागडच्या डोंगरात कुठून जाणार? वनखात्याचं खरं काम आग लागण्याआधी होतं. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, १५ जूनला संपतो. त्याआधी जाळरेषा काढतात. रस्त्याच्या कडेने, कक्षाच्या सीमेवर, ठराविक रुंदीचा पट्टा साफ करून त्यातला पाला आपणच जाळून टाकायचा. हल्ली पाला सारायला पाठीवर ब्लोअर घेतलेले मजूरही दिसतात. मग एका कक्षात आग लागली तरी ती तिथेच संपते. पुढे तिला खायला काही मिळत नाही. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याची जुनी सवय, तेंदूच्या नव्या पानांसाठी लावलेली आग, यांच्याशी वनरक्षकाचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. पण भांडणाच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य असते: इथे पेटलं की विझवणं हातात राहत नाही, पसरू न देणं तेवढं राहतं.

लिथियमच्या वाहतुकीचे नियम ही आकाशातली जाळरेषा आहे. हे एकदा ध्यानात ठेवलं, की त्या रुक्ष पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आपोआप उलगडतं.

पुस्तक मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, इकाओचं. धोकादायक मालाच्या तांत्रिक सूचना ती दर दोन वर्षांनी काढते. विमान कंपन्यांची संघटना आयाटा त्यावर आधारलेली नियमावली दरवर्षी छापते, आणि मालघरातल्या टेबलावर प्रत्यक्षात तीच उघडलेली असते. भारतात याला २००३ सालच्या ‘विमानातून धोकादायक मालाची वाहतूक’ नियमांनी कायद्याचं बळ दिलं आणि देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली. मालघरातली माणसं या सगळ्याला दोन अक्षरांत ‘डीजी’ म्हणतात. डीजी आहे का? डीजीचं ट्रेनिंग झालंय का? हे प्रशिक्षण एकदा घेऊन भागत नाही, दर दोन वर्षांनी उजळावं लागतं.

सगळ्यात आधी बॅटरीच्या प्रकाराची परीक्षा होते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमपुस्तिकेतल्या कलमावरून ती ‘३८.३’ म्हणून ओळखली जाते. एकूण आठ कसोट्या. निर्वात भांड्यात सहा तास ठेवून पंधरा किलोमीटर उंचीचा दाब सोसायला लावायचा. ७२ अंशांत सहा तास, मग उणे ४० मध्ये सहा तास, असं दहा वेळा. तिन्ही दिशांनी तीन-तीन तास थरथरवायचं. धक्के द्यायचे. ५७ अंशांना तापवून शॉर्ट करायचं. सेलवर आडवी सळई ठेवून तिच्यावर ९.१ किलोचं वजन दोन फुटांवरून सोडायचं. मे महिन्यात ४७ अंशांत जगणाऱ्या चंद्रपूरकराला ७२ चं फार अप्रूप वाटणार नाही, पण बंद ट्रकच्या टपाखाली पडलेल्या पार्सलचा विचार केला तर आकडा वेडावाकडा नाही. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा सारांश बनवणाऱ्याकडून मागता येतो. तो नसेल तर ती बॅटरी विमानासाठी नाहीच. बाजारातल्या स्वस्त, बिननावाच्या बॅटऱ्यांचं घोडं पेंड खातं ते इथे.

दुसरा नियम माझ्या मते सगळ्यात हुशार आहे. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, यूएन ३४८० या क्रमांकाखाली येणाऱ्या, प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातून नेता येतात, पण जास्तीत जास्त तीस टक्के चार्ज करून. तीसच का? चाचण्यांत असं दिसलं, की भरलेला सेल पेटला तर शेजाऱ्याला घेऊन जातो. तीस टक्क्यांवरचा सेल तापतो, धूर ओकतो, पण साखळी पुढे सरकण्याची शक्यता फार कमी होते. पाला आधीच जाळून ठेवल्यासारखं हे झालं. आग लागणारच नाही असं नियम म्हणत नाही. लागली तर तिला पुढे खायला कमी ठेवतो.

याचा पुरावा तुमच्या घरात असू शकतो. नवी पॉवर बँक खोक्यातून काढल्यावर चारातला एखादाच दिवा लागतो, तेव्हा आपण दुकानदाराला नावं ठेवतो. पॉवर बँक ही नियमांच्या भाषेत उपकरण नाही, ती निव्वळ बॅटरी आहे. विमानाने आली असेल तर ती अर्धपोटीच यायला हवी. मोबाइल मात्र उपकरणाच्या आत बॅटरी असलेला, म्हणून तो बऱ्यापैकी चार्ज झालेला येऊ शकतो. उपकरणासोबत पण वेगळी ठेवलेली बॅटरी मधल्या वर्गात मोडते, २.७ वॉट-तासांहून मोठी असेल तर १ जानेवारी २०२६ पासून तिलाही तीस टक्क्यांचं बंधन लागू झालं.

हा ‘आत’, ‘सोबत’ आणि ‘सुटी’ यांतला फरक वरवर बाबूगिरी वाटतो. तो वाघिणीच्या कॉलरलाच लावून पाहू.

कॉलरचा सेल धातूच्या लिथियमचा. त्याची मोजणी वॉट-तासांत नाही, लिथियमच्या ग्रॅममध्ये होते. एक ग्रॅम लिथियम सुमारे ३.८६ अँपिअर-तास वीज देऊ शकतं. आपला डी सेल १७ अँपिअर-तासांचा. भागाकार करा: ४.४ ग्रॅम. लहान बॅटऱ्यांसाठीच्या सौम्य नियमांची हद्द एका सेलला १ ग्रॅम आणि एकापेक्षा जास्त सेलांच्या बॅटरीला २ ग्रॅम. म्हणजे एकच डी सेल ती चौपटीने ओलांडतो. जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये कुणी डबल-ए आकाराचे लिथियम सेल घातले, तर ते १ ग्रॅमच्या जरा आत राहतात, आणि हा योगायोग नसावा. कॉलर मात्र पूर्ण नियमांखाली, नवव्या वर्गाचा धोकादायक माल म्हणूनच चालते.

तरीही तिला प्रवासी विमानाची दारं बंद नाहीत. बॅटरी कॉलरच्या आत बसवलेली असेल तर ती यूएन ३०९१. प्रवासी विमानात एका खोक्यात ५ किलोपर्यंत बॅटरी चालते, मालवाहू विमानात ३५ किलोपर्यंत. तोच सेल, त्याच कारखान्याचा, पण सुटा, जादाचा म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवला की तो यूएन ३०९० होतो, आणि १ जानेवारी २०१५ पासून प्रवासी विमानाला वर्ज्य. खोक्यावर नारिंगी चौकोन चिकटतो: फक्त मालवाहू विमानासाठी. कारण साधं आहे. कॉलरमध्ये बसलेला सेल जाड कवचात, शेजाऱ्यापासून दूर, एकेकटा असतो. सुट्या सेलांचं खोकं म्हणजे सलग पाल्याचं जंगल. शिवाय हा सेल चार्ज होणारा नसल्यामुळे त्याला तीस टक्क्यांवर आणून पाठवता येत नाही. तो कायम पोटभरच असतो. जिथे पाला कमी करता येत नाही तिथे पट्टा रुंद करायचा, म्हणजे प्रवाशांपासूनच लांब ठेवायचं.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बहुतेक माल प्रवासी विमानांच्या पोटातून उतरतो. सुट्या सेलांना तो मार्ग नाही. ते मोठ्या शहरात मालवाहू विमानातून उतरले, की पुढचा प्रवास रस्त्याने. चंद्रपूरचा ४४२४०१ किंवा गडचिरोलीचा ४४२६०५ हा पिन कोड टाकून बॅटरी मागवणाऱ्याला पार्सल उशिरा का येतं, याचंही बरंचसं उत्तर हेच आहे. कुरियरच्या भाषेत ते ‘सरफेस’ने येतं.

कॉलरच्या खोक्यात आणखी एक गंमत असते. प्रवासात कॉलर जागी होऊ नये म्हणून तिच्यावर एक छोटं चुंबक चिकटवलेलं असतं. चुंबक काढलं की ती सुरू होते. उपकरण वाटेत चुकून चालू होता कामा नये, हाही नियमच आहे. आणि चुंबकासाठी विमानात आणखी वेगळा नियम आहे, कारण ते होकायंत्राला चकवतं! कॉलरवरचं चुंबक इतकं लहान, की त्या नियमाच्या हद्दीबाहेर राहतं. नाहीतर एका वाघिणीसाठी दोन-दोन जाहीरनामे भरावे लागले असते.

जाहीरनामा हा यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात नाजूक धागा. पाठवणारा सही करून लिहून देतो: आत काय आहे, कोणता क्रमांक, किती किलो, कसं बांधलंय. त्यावरून विमान कंपनी पायलटच्या हाती लेखी सूचना देते, कोणता धोकादायक माल कुठल्या जागी ठेवलाय याची. कागद बरोबर असेल तर धूर दिसताच कप्तानाला निदान कळतं, की मागे काय पेटलंय आणि आपल्याकडे किती वेळ आहे. दुबईच्या विमानात नेमका हा धागा तुटला होता.

जाता जाता एक गोष्ट, कारण गडचिरोली जिल्हा हेलिकॉप्टरचाही आहे. निवडणूक आली की अहेरीहून दुर्गम केंद्रांकडे मतदान पथकं मतदान यंत्रांसह हेलिकॉप्टरने जातात. २०२४ च्या लोकसभेला १९ एप्रिलच्या मतदानासाठीही गेली. त्या यंत्रांत बॅटरी असते, मग तिथे एवढा कागदी कारभार का नाही? एक म्हणजे यंत्रांची बॅटरी अल्कलाइन असते. हवाई नियमांत अशा कोरड्या बॅटऱ्यांना जवळपास सूट आहे. टोकं एकमेकांना लागून शॉर्ट होऊ नयेत एवढीच अट. दुसरं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं ही सरकारी विमानं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करार त्यांना बांधत नाही. अर्थात करार नसला म्हणून भौतिकशास्त्र सूट देत नाही, आणि लष्कराचेही स्वतःचे नियम असतात.

कॉलरचा परतीचा प्रवास जाण्याहून अवघड. वाघाने झाडाला घासलेली, पाण्यात बुडालेली, कधी दातांखाली चिरडलेली कॉलर. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या परिसरात जयचा मुलगा म्हणून ओळखला जाणारा श्रीनिवास वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला, आणि त्याची कॉलर त्याच्या गळ्यात नव्हती, वेगळी सापडली. अशी वस्तू नव्या बॅटरीसाठी कारखान्यात परत पाठवावी असं कुणाच्या मनात आलं, तर पहिला प्रश्न: बॅटरीला इजा झाली आहे का? फुगलेली, चेपलेली, गळणारी, किंवा दोष आहे म्हणून कंपनीने परत मागवलेली लिथियम बॅटरी विमानात चालत नाही. मालवाहू विमानातही नाही. भंगारात किंवा पुनर्वापरासाठी निघालेली बॅटरीही खास परवानगीशिवाय विमानाने जात नाही. तिच्यासाठी देशातच वाट आहे: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ती वाट अजून बरीचशी कागदावरच आहे. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या उकिरड्यावरच जातात, हे कुणीही डोळ्यांनी पाहू शकतो.

दरम्यान बॅटऱ्या लहान होत चालल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून दहा पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली. त्यांच्या पाठीवर बसवायची यंत्रं हलकी, सूर्यप्रकाशावर चार्ज होणारी. आत इवलासा लिथियम सेल. त्यातलं एक गिधाड उडत उडत तामिळनाडूपर्यंत गेलं. असा सेल सौम्य नियमांत सहज बसतो. म्हणजे त्याच्यापुरती जाळरेषा अरुंद चालते.

तुम्ही विमानाने जाल तेव्हा हे नियम तुमच्या पिशवीपर्यंत येतात. पॉवर बँक सामानघरात जाणाऱ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. कारण केबिनमध्ये धूर निघाला तर माणसं पाणी ओतून ती थंड करू शकतात, खाली सामानघरात कुणी नसतं. शंभर वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. पॉवर बँकवर मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांना ३.७ ने गुणून हजाराने भागा. वीस हजारांची पॉवर बँक ७४ भरते, सत्तावीस हजारांची ९९.९. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीला विचारायचं, आणि अशा दोनच. त्याहून मोठी, म्हणजे मोठ्या ड्रोनची वगैरे, प्रवाशासोबत नाहीच.

आणि कुरियरच्या काउंटरवर पावती फाडणारा मुलगा मान वर न करता विचारतो, ‘आत काय आहे?’ तेव्हा ‘कपडे’ असं सांगू नका. त्यात जुना मोबाइल असेल, टॉर्च असेल, मुलाचं रिमोटचं खेळणं असेल, तर तसं सांगा. पार्सल दोन दिवस उशिरा पोचेल, इतकंच.